हाडाचा कर्करोग आणि प्रतिकारशक्ती: कुत्रा आणि माणूस (सातारा-सांगलीकरांसाठी धागा)

शिरवळ_फाटा

रॉटवायलर, ग्रेट डेन, लॅब्रॅडोर आता कराडपासून जतपर्यंत मळ्या-वस्त्यांवर दिसतात. मोठ्या हाडापेराचा कुत्रा आला की त्याच्यासोबत ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कर्करोगाची, शक्यताही आलीच. निदान झाल्यावर मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या की." हा धागा त्या प्रश्नासाठी काढलाय.

उत्तर "अमुक पावडर" असं नाही, पण "तसलं काही नसतं" असंही नाही. या आजारात प्रतिकारशक्ती खरोखर काम करते, कुत्र्यात आणि माणसातही. पण सगळा खेळ वेळेचा आहे. मूळ गाठ पायात ठाण मांडून बसलेली असताना तिचं फारसं चालत नाही. गाठ निघाल्यावर, फुप्फुसात डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी उरतात, तिथे ती उपयोगी पडते.

आजाराचं थोडक्यात. कुत्र्यात पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. माणसात मुख्यतः १० ते २० वयाची मुलं, आणि जागा पुन्हा गुडघाच. निदानाच्या दिवशी छातीच्या एक्स-रेत गाठी दिसणारे कुत्रे १५ टक्क्यांहून कमी, पण पेशी ९० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत आधीच पसरलेल्या असतात. म्हणून नुसता पाय काढला तर कुत्रा मध्यकाने (निम्मे कुत्रे त्याआधी जातात, निम्मे नंतर) ४-५ महिने जगतो, केमो जोडली तर १० ते १२ महिने.

आता मुद्द्याचं. क्षयाच्या जंतूसारख्या मायकोबॅक्टेरियाच्या भिंतीतला एक तुकडा, त्याचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरायचं आणि शिरेतून द्यायचं. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी, ते थेंब गिळतात, त्यांना वाटतं जंतू शिरला, आणि त्या खवळतात. औषधाचं नाव मिफामुर्टाइड. १९८९ मध्ये मॅकइवेन यांच्या गटाने पाय काढलेल्या २७ कुत्र्यांवर ते तपासलं, केमो न देता. मध्यक आयुष्य औषधवाल्यांचं २२२ दिवस, नुसते रिकामे थेंब दिलेल्यांचं ७७.

१९९५ चा पुढचा अभ्यास त्याहून बोलका आहे. सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) संपवून मग मिफामुर्टाइड दिलं तर १४.४ महिने, न दिलेल्यांत ९.८. तेच औषध सिस्प्लॅटिनच्या जोडीने एकाच वेळी दिलं तर फरक शून्य. औषध तेच, कुत्रे तसेच, बदलला तो फक्त क्रम.

कृष्णाघाट

चांगला धागा. माणसांच्या बाजूचं मी जोडतो.

मिफामुर्टाइडची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, पसरलेला आजार न दिसणारे ६६२ रुग्ण. नेहमीच्या केमोवर ६ वर्षांनी जिवंत ७० टक्के, मिफामुर्टाइड जोडल्यावर ७८. पण "आजार न उलटता काढलेला काळ" या मापावर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये परवानगी दिली नाही, आणि युरोपने २००९ मध्ये त्याच आकड्यांवर दिली. दोघांकडे आकडे एकच होते हे लक्षात घ्या. "युरोपात चालतं म्हणजे रामबाण" आणि "अमेरिकेने नाकारलं म्हणजे भंपक", ही दोन्ही वाक्यं चुकीची.

द्यायची पद्धत: २ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, पहिले १२ आठवडे आठवड्यातून दोनदा, नंतर २४ आठवडे एकदा. एकूण ४८ वेळा सलाईन. थंडी-ताप जवळपास सगळ्यांना येतो. मॅक्रोफेज खवळल्याचा तो परिणाम, म्हणून नुसत्या तापाला घाबरून थांबवायचं नाही. पण केमोमुळे पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना आलेला ताप हा जंतुसंसर्ग असू शकतो, तो औषधाच्या खात्यावर टाकून घरी बसायचं नाही.

इथे एक गोष्ट हमखास राहते. मिफामुर्टाइड चालू असताना जास्त मात्रेतली वेदनाशामकं, म्हणजे आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या कुळातली, आणि सायक्लोस्पोरिन चालत नाहीत. स्टिरॉइडही रोजचं नको. मॅक्रोफेज जागे करायला पैसे मोजायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांना झोपेची गोळी द्यायची, असा प्रकार होतो.

वारणाकाठ

वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत, अडाणी वाटल्या तर सांभाळून घ्या.

१. ऑपरेशननंतर जखम चिघळली तर कुत्रा जास्त जगतो, असं आष्ट्याच्या बाजूला एक ब्रीडर ठासून सांगतात. यात काही तथ्य?
२. हळद आपल्या सांगलीचीच. गुळवेल कुंपणावर आहे. लेव्हामिसोल औषध दुकानात मिळतं. यातलं काय द्यावं?

कृष्णाघाट

@वारणाकाठ, पहिलीत तथ्य आहे, अर्थ वेगळा आहे.

पाय न काढता आजारी हाडाचा तुकडा काढून तिथे दुसरं हाड आणि धातूची पट्टी बसवतात, त्या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग वरचेवर होतो. २००५ मध्ये लॅसेल्स यांच्या गटाने अशा ४७ कुत्र्यांचे आकडे मांडले: संसर्ग झालेल्यांचं मध्यक आयुष्य ६८५ दिवस, न झालेल्यांचं २८९. २००७ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधून माणसांचे आकडे आले. १० वर्षांनी जिवंत असलेले, संसर्ग झालेल्यांत ८४.५ टक्के, न झालेल्यांत ६२.३.

याचं मूळ जुनं आहे. न्यूयॉर्कचे विल्यम कोली हे हाडांचे शल्यविशारद. १८९१ पासून ते सार्कोमाच्या (हाड-स्नायूंच्या कर्करोगाच्या) रुग्णांना मुद्दाम जंतू, पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण टोचत. काहींच्या गाठी विरघळल्या, काही रुग्ण त्या संसर्गानेच गेले.

उंदरांवर हे तपासलं तेव्हा दिसलं की हाडात स्टॅफिलोकॉकसचा जुना संसर्ग असला तर दुसरीकडची गाठ सावकाश वाढते. मात्र त्या उंदरांतल्या एनके पेशी (गाठीच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) किंवा मॅक्रोफेज काढून टाकले की फायदाही जातो. म्हणजे काम जंतूचं नाही, जंतूने जागवलेल्या पेशींचं.

अजिंक्यतारा

थोडी खोट काढतो, कारण हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार हे नक्की.

संसर्ग व्हायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत फुप्फुसाच्या गाठींनी जो कुत्रा गेला, त्याला आठव्या महिन्यात पट्टीजवळ पू होण्याची संधीच मिळाली नाही. तो आपोआप "संसर्ग न झालेले" या रकान्यात पडतो आणि त्या रकान्याचा आकडा खाली ओढतो. काही अंशी फरक त्यामुळेही दिसतो. सगळाच फरक त्याने पुसला जात नाही, उंदरांचा पुरावा वेगळा उभा आहे. पण "जखम चिघळू द्या" हा सल्ला यातून निघत नाही. चिघळलेल्या जखमेत रोपण सैल होतं, दुसरी-तिसरी शस्त्रक्रिया लागते, मुलाच्या बाबतीत केमो लांबते आणि पाय जाऊही शकतो. जखमेला अँटिबायोटिक द्यायचंच.

शिरवळ_फाटा

दुसऱ्या शंकेचं मी घेतो.

हळद: कढीत, दुधात, खुशाल. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मारणारी मात्रा कुत्र्याच्या रक्तात वाटीभर हळदीनेही येत नाही, जुलाब मात्र होतात.

गुळवेल: केमो चालू असताना नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद त्यांच्यात राहू द्या. आपल्याला इतकंच पुरे की केमोच्या काळात यकृताचे आकडे वाढले तर ते कशामुळे, हे ओळखता आलं पाहिजे. दोन संशयित घरात ठेवले तर ओळखता येत नाही.

लेव्हामिसोल: जंताचं औषध. "इम्युनिटीसाठी" म्हणून आपल्याकडे जनावरांना सर्रास टोचतात. माणसात याने पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत पडतात हे पक्कं माहीत आहे. केमो चालू असलेल्या कुत्र्याला ते देणं म्हणजे हाताने खड्डा खणणं.

आणि न विचारलेली चौथी गोष्ट: लंगडतोय म्हणून माणसांची डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका. पोटात व्रण होऊन काळी शी होते. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम, पहिल्या दिवशी ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, पुढे ०.१, पोटभर खाल्ल्यावर, आणि त्यासोबत प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) कधीच नाही.

मिरज_लॅब

गाठीच्या आत काय दिसतं ते सांगते, म्हणजे "वेळ" हा मुद्दा का आहे ते कळेल.

स्लाइडवर ऑस्टिओसार्कोमा म्हणजे वेड्यावाकड्या पेशी आणि त्यांच्यामधून गेलेली गुलाबी, जाळीदार, कच्च्या हाडाची नक्षी. टी पेशींसाठी (परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी३ या खुणेचा तपकिरी रंग चढवला तर मूळ गाठीत तपकिरी ठिपके बहुधा कडेला, रक्तवाहिनीभोवती थबकलेले. मधल्या भागात विरळ. फुप्फुसात पसरलेल्या गाठीत हेच ठिपके जास्त, कुत्र्यातही आणि माणसातही. मूळ गाठीत पेशींची सर्वाधिक गर्दी असते ती मॅक्रोफेजची, टी पेशींची नाही. माणसांत २०११ मध्ये आणि कुत्र्यांत २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष एकसारखा: गाठीत मॅक्रोफेज जास्त, तर आजार उशिरा पसरतो. स्तनाच्या किंवा इतर बऱ्याच कर्करोगांत हे उलटं असतं, म्हणून तिकडचं ज्ञान इकडे जसंच्या तसं लावू नये.

रक्तात मात्र चित्र वेगळं. २०१० मध्ये कोलोरॅडोतून आलेल्या अभ्यासात, उपचाराआधीच्या साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) मोनोसाइट (मॅक्रोफेजच्या रक्तातल्या पूर्वज पेशी) ४०० प्रति मायक्रोलिटरच्या वर किंवा लिम्फोसाइट १००० च्या वर असलेल्या कुत्र्यांत आजार लवकर उलटला. हे आकडे नॉर्मल रेंजच्या आतलेच आहेत, त्यामुळे रिपोर्टवर लाल खूण येत नाही आणि कोणी बघत नाही. रक्तातले मोनोसाइट हे गाठीने मागवलेली कुमक असू शकतात. ते फुप्फुसातल्या गाठीपाशी जाऊन तिचीच बाजू घेत असावेत.

नमुना पाठवणाऱ्यांना विनंती:

बायोप्सी गाठीच्या मधोमध घ्या. कडेचा तुकडा घेतला की रिपोर्ट "प्रतिक्रियात्मक हाड" असा येतो, मालक निर्धास्त होतो, महिना जातो. जामशिडी सुई (हाडाचा तुकडा काढायची जाड पोकळ सुई), एकाच छिद्रातून दोन-तीन दिशांना. ते छिद्र पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीसोबत निघेल अशा जागी हवं. माणसाच्या बाबतीत तर अंतिम शस्त्रक्रिया करणारा सर्जनच बायोप्सीची जागा ठरवतो, तालुक्याच्या गावी घाईने कापाकापी नको.

तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रव. आणि पेशींचे रंग हवे असतील तर फॉर्मवर ठळक लिहा: "ईडीटीएमध्ये डिकॅल्सिफाय करा", म्हणजे हाडातलं कॅल्शियम ईडीटीए या सौम्य रसायनाने काढा. नायट्रिक आम्लात हाड दिवसभरात मऊ होतं, पण प्रथिनं जळतात आणि सीडी३, सीडी८, पीडी-एल१ या पेशींच्या खुणा काहीच धड रंगत नाहीत. ईडीटीएला दिवस, कधी आठवडे लागतात. घाई असेल तर तुकड्याचे दोन भाग करा, एक आम्लात निदानासाठी, एक ईडीटीएत.

विटेकर

माहितीपूर्ण. माणसांना कीट्रुडा देतात ना, प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारं? ते कुत्र्याला का देत नाहीत?

कृष्णाघाट

माणसाच्या ऑस्टिओसार्कोमातही ते फारसं चालत नाही, आधी तेच बघा. २०१७ च्या चाचणीत हाडाच्या या कर्करोगाच्या २२ रुग्णांपैकी गाठ आक्रसली एकाची.

कारण जनुकांत आहे. फुप्फुस किंवा त्वचेच्या कर्करोगात बारीक बारीक अक्षरचुका हजारोंनी असतात, त्यातून परकी दिसणारी प्रथिनं तयार होतात आणि टी पेशी ती ओळखतात. ऑस्टिओसार्कोमात अक्षरचुका कमी, गुणसूत्रांचीच मोडतोड जास्त. टीपी५३ हे राखणदार जनुक कुत्र्यात आणि माणसात दोन्हीकडे बिघडलेलं. शिवाय बऱ्याच गाठी टी पेशींना ओळख पटवणारं एमएचसी-१ पृष्ठभागावरून कमी करतात. टी पेशी दारापर्यंत आलेल्याच नसतील तर ब्रेक काढून काय धावणार?

शिरवळ_फाटा

कुत्र्यापुरतं: माणसासाठी बनवलेली प्रतिपिंडं कुत्र्याच्या पीडी-१ ला (टी पेशींवरच्या त्या ब्रेकला) नीट चिकटत नाहीत, आणि दोन-तीन मात्रांत कुत्र्याचं शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडं करतं. कुत्र्यासाठी वेगळी बनवावी लागतात. गिलव्हेटमॅब हे त्यातलं, अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त परवाना, तोही मास्ट सेल गाठी आणि मेलानोमासाठी, हाडासाठी नाही.

हाडासाठी जास्त आशा दाखवली ती लिस्टेरियाच्या लशीने. कमजोर केलेला जिवंत लिस्टेरिया, त्यात गाठीच्या पेशींवर सापडणाऱ्या एचईआर२ प्रथिनाचा तुकडा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८ कुत्रे, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, कार्बोप्लॅटिन (केमोचं औषध) पूर्ण झालेलं, मग तीन आठवड्यांच्या अंतराने तीन मात्रा. मध्यक आयुष्य ९५६ दिवस, जुन्या नोंदींतल्या कुत्र्यांचं ४२३. क्रम पुन्हा तोच: आधी शस्त्रक्रिया, मग केमो, शेवटी प्रतिकारशक्ती.

अजिंक्यतारा

१८ कुत्रे आणि तुलना जुन्या नोंदींशी. चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट नाहीत. लशीला पात्र ठरायला कुत्रा केमो संपेपर्यंत टिकावा लागतो, म्हणजे निवड आधीच झालेली. २०१७ मध्ये सशर्त परवाना मिळाला आणि पुढे एका कुत्र्याच्या छातीत लशीतल्याच जंतूचं गळू झाल्याचंही छापून आलं. घरात गरोदर बाई असेल तर लिस्टेरिया हा विषय गमतीचा नाही.

वारणाकाठ

म्हणजे आपल्याकडे हातात राहिलं काय? पाय काढणे आणि केमो?

शिरवळ_फाटा

हो, आणि ते नीट झालं तर थोडं नाही. कार्बोप्लॅटिन माणसांसाठी सहज मिळतं, १५० आणि ४५० मिलिग्रॅमच्या कुपीत, १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. मात्रा ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, दर तीन आठवड्यांनी, ४ ते ६ वेळा.

चूक होते ती क्षेत्रफळात. माणसाचा तक्ता कुत्र्याला लावायचा नाही. वजनाचा दोन-तृतीयांश घात गुणिले १०.१ भागिले १००. ३५ किलोच्या कुत्र्याला १.०८ चौरस मीटर, म्हणजे ३२४ मिलिग्रॅम, ३२.४ मिलिलिटर. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, १५ ते ३० मिनिटांत. सुई-सेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम नको, प्लॅटिनमची त्याच्याशी क्रिया होऊन साका बसतो.

सीबीसी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) प्रत्येक मात्रेच्या आधी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर आठवडाभर पुढे ढकला. पेशी सगळ्यात खाली जातात त्या साधारण चौदाव्या दिवशी. तेव्हाचा ताप आणि जेवण सोडणं ही रात्रीच दवाखाना गाठायची गोष्ट. आपल्याकडे भर अशी की गोचीड तापानेही प्लेटलेट पडतात. एर्लिकिया (गोचीड तापाचा जंतू) केमोआधी तपासा, नाहीतर दोष कार्बोप्लॅटिनवर जातो आणि उपचार अर्धवट सुटतो. उलटही होतं: मोठा कुत्रा लंगडतो, प्लेटलेट थोड्या कमी, महिनाभर डॉक्सिसायक्लिन चालतं आणि पायाचा एक्स-रे कोणी काढतच नाही. एकाच पायावर लंगडतोय, मनगटाच्या वर कडक सूज आहे, दोन आठवड्यांत फरक नाही, की एक्स-रे, दोन बाजूंनी. छातीचे तीन: उजवी कूस, डावी कूस, उताणा.

केमो दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी हातमोजे घालून धुवा, लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका.

मिरज_लॅब

संसर्गाचे आकडे वाचून दाह नेहमी चांगलाच असतो असं वाटू नये म्हणून एक भर. खेड्यातल्या मोकळ्या कुत्र्यांत स्पायरोसर्का ल्युपाय नावाचा जंत असतो. शेणकिडा खाल्ला, किंवा शेणकिडा खाल्लेली कोंबडी-पाल खाल्ली, की अळी महाधमनीच्या भिंतीतून अन्ननलिकेत येते आणि तिथे गाठ करून राहते. महिनोन्‌महिने दाह चालू राहतो आणि काही कुत्र्यांत त्याच गाठीचा सार्कोमा होतो, कधी चक्क ऑस्टिओसार्कोमा, अन्ननलिकेत, जिथे हाडच नाही. म्हणजे दाह कुठला, किती दिवस आणि कोणत्या पेशींचा, यावर तो मारतो की पोसतो हे ठरतं. खाल्लेलं न पचता परत बाहेर येत असेल तर छातीचा एक्स-रे आणि एंडोस्कोपी. जंत वेळेत ओळखला तर डोरामेक्टिनने जातो, पण कॉली जातीच्या कुत्र्यात ते सांभाळून.

विटेकर

माणसांसाठी पण थोडक्यात लिहा ना, घरातल्या पोरांचं.

कृष्णाघाट

गुडघ्याच्या वर किंवा खाली दुखतंय, रात्री जास्त, आणि सूज हाताला कडक लागते. कबड्डीत लागलं असेल म्हणून हाडवैद्याकडे मालिश करू नका, गाठ असेल तर ती चोळायची नसते. एक्स-रे काढा. हाड कुरतडलेलं आणि वाढलेलं एकाच जागी दिसलं की एमआरआय, छातीचा सीटी आणि मगच बायोप्सी. हाडाचा क्षयही आपल्याकडे असतो, त्यामुळे बायोप्सीशिवाय क्षयाची औषधंही सुरू करू नयेत.

केमो, शस्त्रक्रिया, पुन्हा केमो हा क्रम. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट टाळणारी, डॉक्सोरुबिसिन-सिस्प्लॅटिन-आयफॉस्फामाइडची पद्धत वापरतात, कारण मेथोट्रेक्सेटची रक्तातली पातळी रोज मोजायची सोय सगळीकडे नसते. काढलेल्या हाडात ९० टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या असल्या तर पुढचं चित्र बरं. कर्करोगाचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, कागद पहिल्याच दिवशी लावा.

वारणाकाठ

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं: बायोप्सीचा तुकडा कुरिअरने पाठवायचा तर?

मिरज_लॅब

रुंद तोंडाची प्लास्टिक बाटली, झाकणाला पॅराफिल्म नाहीतर चिकटपट्टी, बाहेरून दुसरी पिशवी आणि कापूस. बर्फ नको, फॉर्मेलिनमधला तुकडा गोठला की पेशी फुटतात. एक्स-रेचा फोटो, वय, जात आणि नेमकं कुठलं हाड हे सोबत लिहा, एक्स-रे न बघता हाडाचा रिपोर्ट देणं धोक्याचं असतं. आणि शनिवारी पाठवू नका, उन्हात गोदामात पडून राहतो.